दोन हजार सालची पोरं

घराला रंग द्यायचा ठरलं की रंगारी येण्याआधी माळा रिकामा करावा लागतो, आणि माळ्यावर चढलं की दुपार गेली असं समजून चालायचं. २०२५ च्या डिसेंबरात आमच्या नेरूळच्या घरात तेच झालं. मुलाच्या बारावीच्या नोट्सचा गठ्ठा रद्दीत टाकायला काढला, तर 'फिजिक्स' लिहिलेली एक फाइल जरा जास्तच जाड लागली. उघडली. आत फिजिक्स नव्हतं. चोवीस देशांच्या फुटबॉल संघांच्या चोवीस याद्या होत्या, प्रिंट काढून, भोकं पाडून नीट ओवलेल्या. प्रत्येक यादीत एकवीस नावं. नावापुढे जन्मतारीख, मग क्लब. काही नावांपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण.

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्याच्या या याद्या. चोवीस गुणिले एकवीस, म्हणजे ५०४ पोरं. नियम असा की १ जानेवारी २००० च्या आधी जन्मलेला चालणार नाही. त्यामुळे जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत गेलं की २०००, २०००, २०००, मध्येच एखादा २००१, असा शाळेच्या हजेरीपटासारखा दिसतो. आमचे चिरंजीवही दोन हजारचेच. साल बदलताना सगळे संगणक बंद पडणार म्हणून जग घाबरलं होतं, तेच ते वर्ष. त्या वर्षी ही पोरं कुठे कुठे पाळण्यात होती: एक इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला, एक आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला, एक कोल्हापूरला. आमचं घणसोलीच्या भाड्याच्या खोलीत.

ही फाइल मला त्याच वर्षी सापडली असती तर घरात महाभारत झालं असतं. आता मी माळ्याच्या शिडीवरच बसलो आणि वाचत राहिलो.

माझ्या सतराव्या वर्षी असली यादी मला बघायलाही मिळाली नसती. ही स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली. तेव्हा वयाची अट सोळाची होती आणि संघही सोळाच. नायजेरियाच्या पोरांनी बीजिंगला अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला २-० असं हरवलं. मी तेव्हा कोल्हापुरात सातवीत होतो आणि ही गोष्ट मला कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. १९८९ साली स्कॉटलंडमध्ये सौदी अरेबियाने यजमानांनाच पेनल्टींवर हरवून हा चषक नेला, तेही असंच नंतर कधीतरी वाचलं. त्या स्पर्धेत पोर्तुगालकडून लुईस फिगो नावाचा एक पोरगा खेळून गेला होता. तो कोण हे त्या दिवशी मैदानात बसलेल्यांनाही ठाऊक नसणार. आमच्यासाठी तर बातमीच नव्हती.

आमच्या घरी येणाऱ्या पेपरात फुटबॉलला जागा होती ती शाहू स्टेडियमची. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, तालमी, मंडळं. कुठल्या तालमीचा हाफ कुणी फोडला, कोण यंदा पेठ बदलून पलीकडे गेला, याची चर्चा दुधाच्या कट्ट्यापासून मटणाच्या दुकानापर्यंत चालायची. आमच्यासाठी 'संघाची यादी' म्हणजे तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली अकरा नावं आणि खाली कोपऱ्यात राखीव. त्यातली निम्मी टोपणनावं. जन्मतारखेचा रकाना फळ्यावर नसायचा आणि ते बरंच होतं. शाळेच्या स्पर्धेत एकदा चौदा वर्षांखालच्या सामन्यात आमच्यासमोर जो सेंटर फॉरवर्ड उभा राहिला त्याला व्यवस्थित मिशी होती. मास्तरांनी हरकत घेतली. समोरच्या शाळेने दाखला काढून दाखवला. दाखल्यावर तो तेरा वर्षं चार महिन्यांचा होता. मध्यंतरात तो बांधाआड विडी ओढताना आम्ही पाहिला. सामना आम्ही ५-० ने हरलो.

ही गंमत सगळ्या जगभर चालायची म्हणूनच तर २००९ पासून फिफाने या स्पर्धेत मनगटाचा एमआरआय सुरू केला. हाडं जुळली आहेत की अजून वाढताहेत ते यंत्र सांगतं. दाखला काहीही म्हणो. आमच्या त्या फॉरवर्डचं मनगट कुणी तपासलं असतं तर माझं बालपण जरा सुखाचं गेलं असतं.

तर २०१७. सप्टेंबरात भारताची यादी लागली, त्या रात्री कोल्हापुरातून आमच्या काकांचा फोन. आवाज असा, की मला वाटलं घरात काही बरंवाईट झालं.

"आरं, आपलं पोरगं यादीत हाय! अनिकेत! वर्ल्ड कप खेळणार हाय!"

अनिकेत जाधव. फॉरवर्ड. कोल्हापूरचा, वडील रिक्षा चालवायचे, पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला. काकांनी त्याला आयुष्यात पाहिला नव्हता. पण 'आपलं पोरगं' म्हणायला पाहिलेलं असावं लागत नाही. शंभर वर्षं जे शहर फुटबॉलवर जीव टाकतंय, पेठेसाठी डोकी फोडून घेतंय, त्या शहराचं एक नाव पहिल्यांदा अशा कागदावर आलं होतं, जिथे वर 'भारत' आणि खाली 'कोलंबिया' लिहिलेलं होतं.

यादीत आणखी एक मराठी आडनाव होतं: नमित देशपांडे, बचावपटू. जन्म मुंबईचा, वाढलेला अमेरिकेत. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना हे पचेना. देशपांड्यांचा मुलगा अमेरिकेला जातो हे ठीक, ते आपण आयुष्यभर बघतोच आहोत. पण तो तिथून डिफेंडर होऊन परत येतो? त्यांनी तीन-चार जणांना विचारून खात्री करून घेतली.

पण ती यादी खऱ्या अर्थाने मणिपूरची होती. एकवीसपैकी आठ पोरं मणिपूरची. कर्णधार अमरजित सिंग, गोलरक्षक धीरज सिंग, सुरेश वांगजम, बोरिस, जिक्सन, निंथोई, नाओरेम, शहाजहान. देशाच्या लोकसंख्येत मणिपूरचा वाटा किती, आणि या कागदावर किती, हे गणित मुलाने तेव्हा यादीच्या मागच्या बाजूला करून पाहिलेलं दिसतं. भागाकार अर्धवट सोडला आहे.

भारताचे सामने दिल्लीला. आमच्या वाट्याला डी. वाय. पाटील स्टेडियमवर न्यूझीलंड, तुर्कस्तान, पॅराग्वे आणि माली. स्टेशनवरून चालत जाण्यासारखं मैदान, एका तिकिटात दोन सामने, आणि घरात बारावीचं पोरगं. 'एकच दिवस जाऊ' असं ठरलं. ६ ऑक्टोबरला पहिल्या दिवशी गेलो. न्यूझीलंड-तुर्कस्तान १-१. मग पॅराग्वे आणि माली, ३-२. ते पाच गोल बघितल्यावर 'एकच दिवस' हा शब्द घरात पुन्हा कुणी काढला नाही. आईला क्लासचं कारण सांगायचं आणि मी त्याला पामबीच रोडच्या कोपऱ्यावर गाठायचं, अशी व्यवस्था झाली. ही गोष्ट आता आठ वर्षांनी मी जाहीर करतो आहे.

त्या दिवसांतली खरी मौज कशात होती हे आज नीट सांगता येतं. आम्हाला कुणीच माहीत नव्हतं. मैदानात बावीस पोरं उतरायची आणि आम्ही शून्यापासून सुरुवात करायचो. पंधरा मिनिटांत आम्ही त्यांना नावं ठेवायचो: हा झिंज्या, हा काडी, तो पोस्टमन, कारण सगळीकडे तोच पोचतो. निवेदक आफ्रिकन नावं उच्चारताना अडखळायचा आणि स्टेडियमभर हशा व्हायचा. शाळांच्या बसमधून आणलेली पोरं कुठल्याही बाजूने चेंडू गोलच्या जवळ गेला की किंचाळायची. त्यांना बाजूच नव्हती. आमच्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मालीच्या एका धिप्पाड पोराकडे बघून जाहीर केलं, "हा सतरा वर्षांचा? ह्याची पोरं असतील सतरा वर्षांची." मी त्यांना मनगटाच्या एमआरआयबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी चाळीस वर्षांपूर्वी त्या दाखल्याकडे पाहिलं असणार.

त्या वर्षी दिवाळी त्याच पंधरवड्यात होती. १८ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ, आणि संध्याकाळी घाना विरुद्ध नायजर. खिशात चकल्या घेऊन आम्ही नायजरला पाठिंबा द्यायला गेलो, कारण नायजर नकाशावर कुठे आहे ते सकाळीच शोधलं होतं आणि तेवढ्याने ते आपलं झालं होतं. घाना २-० ने जिंकला.

पोरगं मात्र माली म्हणजे माली. पहिल्या दिवसापासून. तुर्कस्तानला त्यांनी ३-० उडवलं तेव्हा हा उड्या मारून घसा बसवून आला आणि आईला म्हणाला, क्लासमध्ये एसी जास्त होता. उपांत्य सामना आमच्याच मैदानावर पडला, २५ ऑक्टोबर, माली विरुद्ध स्पेन. स्पेनचा कर्णधार आबेल रुईझने मध्यंतराआधीच दोन गोल केले. उत्तरार्धात मालीच्या एका पोराने लांबून असा फटका हाणला की चेंडू आडव्या खांबावर आदळून खाली आपटला आणि बाहेर आला. आम्ही बसलो होतो तिथून तो रेषेच्या चांगलाच आत पडला होता. सगळं स्टेडियम उभं. पंचांनी हात हलवले, खेळ चालू. गोल-रेषेचं तंत्र नव्हतं, व्हिडिओ नव्हता. स्पेनने ३-१ ने सामना घेतला. परतताना पोरगं स्टेशनपर्यंत एक शब्द बोललं नाही.

भारताचे सामने टीव्हीवरच पाहिले. अमेरिकेकडून ०-३, पण त्यात अन्वर अलीचा फटका खांबाला लागला आणि त्याच चेंडूवर पलटवार होऊन तिसरा गोल बसला, ते अजून खुपतं. तीन दिवसांनी कोलंबिया. पूर्वार्धाच्या अखेरीला राहुलचा फटका पुन्हा खांबाला. मग कोलंबियाचा गोल. आणि ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला, जिक्सन सिंग सगळ्यांच्या वर उठला आणि डोक्याने चेंडू आत. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. आमचा मुलगा सोफ्यावर, मी टेबलावर, बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर. कोल्हापुरातून काकांचा फोन वाजायला लागला. मी फोन उचलून "बघितलं का" म्हणेपर्यंत पलीकडून "आरारारा" आलं. वळून पाहिलं तर कोलंबिया २-१. बरोबर एका मिनिटात. आपण अजून गोल साजरा करत होतो आणि ते मध्यावरून खेळ सुरू करून गोल करून मोकळे झाले होते. चार दशकं फुटबॉल बघून मला जो धडा कळला नव्हता तो त्या साठ सेकंदांत कळला, आणि तरी आजही कुणी विचारलं तर मला त्यातला पहिला गोलच आठवतो. शेवटी घानाने ०-४ ने हरवलं. पोरं स्टेडियमला फेरी मारून लोकांना हात करत गेली आणि लोक उभे होते.

आता त्या खुणांकडे येतो.

पेन्सिलीच्या खुणा म्हणजे 'हा मोठा होणार' असा चिरंजीवांचा अंदाज. इंग्लंडच्या यादीत फोडेन, सँचो आणि ब्रूस्टर. जर्मनीच्या यादीत आर्प, दोन खुणा. ब्राझीलमध्ये लिंकन. अमेरिकेत कार्लटन. जपानमध्ये कुबो. स्पेनमध्ये रुईझ. आणि ब्राझीलच्या यादीतलं एक नाव खोडलेलं, कारण त्याच्या फ्लामेंगो क्लबने त्याला ऐन वेळी सोडलं नाही: विनिसियस ज्युनियर.

फोडेनला तर कुणीही खूण केली असती. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेन २-० ने पुढे असताना इंग्लंडने ५-२ ने सामना फिरवला, त्यातले दोन त्याचे, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. पण सर्वाधिक गोल ब्रूस्टरचे, आठ. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या फातोर्ड्यावर अमेरिकेविरुद्ध तीन, लगेच उपांत्य फेरीत कोलकात्याला ब्राझीलविरुद्ध तीन. त्या आठवड्यात विचारलं असतं तर या दोघांत मोठा कोण होणार यावर पैज लागली असती आणि बरेच जण हरले असते. ब्रूस्टरला पुढे दुखापतींनी गाठलं. आर्पची कथा तशीच: हँबर्गकडून खेळणारा तो पोरगा म्हणजे जर्मनीचा उद्याचा फॉरवर्ड असं सगळे लिहीत होते, बायर्नने घेतलाही, पण बायर्नमध्ये त्याची गाडी रुळावर आलीच नाही. गोव्यातल्या लोकांनी त्याचा संघ पाहिला तो इराणकडून ०-४ हरताना. कदाचित फातोर्ड्याला आधीच वास आला असावा. गोवेकरांना फुटबॉलचा वास येतो.

ज्याच्या नावापुढे काहीच खूण नव्हती तो मार्क गेही. आबिजानला जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला. अंतिम सामन्यात त्यानेही एक गोल केला होता, तरी पोराने त्याला सोडून दिलं. बचावपटूंना टिक कोण देतो? तोच पुढे क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार म्हणून २०२५ चा एफए कप उचलतो आणि २०२४ च्या युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या बचावफळीत उभा असतो. पुढे फोडेन, पलीकडे स्पेनच्या ताफ्यात फेरान टोरेस. डी. वाय. पाटीलवर मालीविरुद्ध तिसरा गोल मारला होता तो फेरान.

आणि खोडलेलं नाव? सँचोला त्याच्या डॉर्टमुंड क्लबने साखळी सामन्यांनंतर परत बोलावून घेतलं होतं. विनिसियस तर आलाच नाही. १ जून २०२४ ला वेम्ब्लीवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला, रेयाल माद्रिद विरुद्ध डॉर्टमुंड. सँचो एका बाजूला, विनिसियस दुसऱ्या. विनिसियसने गोल केला, माद्रिद २-० ने जिंकलं. एक आपल्याकडून अर्ध्यात परत गेलेला, एक न आलेलाच. आपल्या मांडवातली ही दोन माणसं जेवायला दुसऱ्याच्या पंगतीत भेटली.

दिल्लीला आपल्याला हरवणाऱ्या अमेरिकन संघातले टिमोथी वीआ आणि जॉश सार्जंट पाच वर्षांनी कतारच्या मोठ्या विश्वचषकात होते; वीआने वेल्सविरुद्ध गोलही केला. टिमोथीचा बाप जॉर्ज वीआ, म्हणजे फुटबॉलचा जुना सम्राट. २०१७ च्या त्याच ऑक्टोबरात तो लायबेरियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होता आणि निवडूनही आला. कार्लटनच्या नावापुढची खूण मात्र वाया गेली.

भारताच्या यादीवर पोराने एकही खूण केलेली नाही. किंवा सगळ्यांवर करायची म्हणून कुणावरच केली नसेल.

तिथेही तेच झालं, जे सगळ्या याद्यांचं होतं. स्पर्धा संपल्यावर यातल्या बऱ्याच जणांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज नावाने आय-लीगमध्ये उतरवलं. मग पोरं वेगवेगळ्या क्लबांत पांगली. सुरेश वांगजम, जिक्सन, अन्वर अली, मिझोरमचा लालेंगमाविया म्हणजे आपुइया, रहीम अली, हे मोठ्या भारतीय संघापर्यंत पोचले. अन्वरची तर परीक्षाच झाली. २०१९ साली हृदयाचा विकार निघाला, खेळू नकोस असं सांगण्यात आलं, आणि तो लढून मैदानात परत आला. अनिकेत इंडियन सुपर लीगमध्ये खेळला, एका क्लबातून दुसऱ्यात गेला. काका अजूनही त्याचा सामना असला की टीव्हीपुढे चहा सांडतात. कुणी भारतासाठी खेळला, कुणी बाकावर राहिला, कुणाचं नाव मला आता शोधूनही सापडत नाही. एकवीसांतले काही जणच मोठ्या संघापर्यंत गेले तर ते अपयश नाही, जगातल्या बहुतेक याद्यांचा हाच हिशेब असतो. पण आपण त्या एकवीसांना एकवीस सुनील छेत्री समजून बसलो होतो.

आठ मणिपुरी नावांवर मात्र बोट रेंगाळतं. तेव्हा आम्ही त्यांची नावं मजेत घोकायचो, 'निंथोइंगानबा' एका दमात म्हणून दाखवायची पैज लावायचो. २०२३ च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं. त्याच वर्षी जुलैत बंगळुरूला भारताने कुवेतला पेनल्टींवर हरवून सॅफ स्पर्धा जिंकली आणि जिक्सन सात रंगांचा मणिपुरी झेंडा अंगाभोवती लपेटून पदक घ्यायला आला. त्यावर वाद झाला. तो म्हणाला, माझ्या राज्याकडे लक्ष वेधायचं होतं, शांतता हवी होती. ज्याच्या डोक्याला लागून गेलेल्या चेंडूने आम्ही टेबलावर चढलो होतो, तोच हा पोरगा.

मुलींची यादी या फाइलीत नाही. २०२० चा मुलींचा विश्वचषकही भारतातच व्हायचा होता; कोरोनाने रद्द झाला आणि ज्या मुलींनी त्यासाठी वर्षं घातली होती त्यांचं वय निघून गेलं. त्यांची यादी छापलीच गेली नाही. २०२२ ला पुढच्या मुली खेळल्या, त्यात पुण्याची काजोल डिसूझा होती. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अंतिम सामना आमच्याच डी. वाय. पाटीलवर, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. मी आणि बायको गेलो होतो. मुलगा तेव्हा पुण्याला नोकरीत लागला होता. "काय, क्लास आहे का?" असं तिने मला गेटवर विचारलं, म्हणजे सगळं माहीत होतं तर.

आता काय आहे? आता ही स्पर्धा दरवर्षी होते आणि सलग पाच वर्षं कतारमध्येच. २०२५ च्या नोव्हेंबरात ४८ संघ उतरले, म्हणजे १००८ पोरं. आपल्याकडच्यासारखी सहा शहरं नाहीत, रेल्वेचा प्रवास नाही. दोह्यात एका आवारात शेजारी शेजारी मैदानं, एकाच दिवशी आठ-आठ सामने, एका गेटातून आत जायचं आणि हवं ते बघायचं. चेंडू रेषेच्या आत पडला असं वाटलं तर प्रशिक्षक व्हिडिओ बघण्याची मागणी करू शकतो. पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० ने हरवून चषक नेला. ऑस्ट्रियाच्या मोझरने आठ गोल केले. ब्रूस्टरनेही आठच केले होते.

कोल्हापूरला माझा बारा वर्षांचा भाचा आहे. त्याला त्या १००८ पैकी निदान शंभर तरी पाठ असतील. कोण कुठल्या क्लबच्या अकादमीत, कुणाच्या मागे कोण मोठा क्लब, किंमत किती कोटी युरो. सामना सुरू होण्याआधी त्याने त्या पोरांचे गोल फोनवर पाहिलेले असतात. तो हुशार आहे आणि मी त्याला नावं ठेवत नाही. मला ही माहिती तेव्हा मिळाली असती तर मीही सोडली नसती. पण 'पोस्टमन' म्हणून कुणाला हाक मारायची सोय त्याच्याकडे नाही. मैदानात उतरणारा पोरगा त्याच्यासाठी आधीच कुणीतरी असतो. आणि शाहू स्टेडियमवर तालमींकडून आता नायजेरियन खेळाडूही खेळतात, तेव्हा १९८५ चं बीजिंग चालत शिवाजी पेठेत आलं म्हणायचं.

भारत मात्र त्या १००८ मध्ये नव्हता. २०१७ ला यजमान म्हणून आपण थेट आत होतो. खेळून आत जाणं तोवर जमलेलं नव्हतं. २०१८ ला मलेशियात गोव्याच्या बिबियानो फर्नांडिस यांची पोरं दाराशी पोचली होती, दक्षिण कोरियाने १-० ने परत पाठवलं. २०२५ ला पुन्हा बिबियानोच होते. नोव्हेंबरच्या अखेरीला अहमदाबादेत त्यांच्या पोरांनी इराणला २-१ असं हरवून आशियाच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळवली. इराण! १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेत शब्बीर अलीच्या भारताने ज्यांच्याशी २-२ बरोबरी करून विजेतेपद वाटून घेतलं होतं, ते इराण. आणि मोठ्यांचं विचाराल तर २०२५ च्याच ऑक्टोबरात फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाचं दार बंद झालं, आणि डिसेंबर आला तरी त्या हंगामाची सुपर लीग सुरू व्हायची होती. २०१७ ला 'मिशन इलेव्हन मिलियन' म्हणून शाळाशाळांत फुटबॉल वाटले होते. एका शाळेत मी स्वतः ते पाहिले आहेत, कपाटात, हवा भरलेले, कुलूपबंद. कारण वापरले तर खराब होतील.

रंगाऱ्याने खालून हाक मारली तेव्हा मी जर्मनीच्या पानावर होतो. आर्प, दोन खुणा. फोटो काढून मुलाला पाठवला: 'हे तुझं फिजिक्स सापडलं.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं. हसण्याची तीन चिन्हं आणि खाली, 'आर्प कोण?'

मी लिहिलं, 'तुझा जर्मनीचा उद्याचा हिरो. दोन टिक दिल्यास.'

'नाही आठवत.'

मग बराच वेळ काही नाही. मी शिडीवरून उतरलो, फाइल पुसून कपाटात ठेवली, रंगाऱ्याला चहा दिला. फोन पुन्हा वाजला.

'बाबा, पण मालीचा तो गोल होता.'